'रेझिलिअन्स'ला पोलिसांच्या तोंडचा शब्द कोणता?

तळटीप : पोलीस अंमलदारांसाठी मानसिक आरोग्यावरची एक पत्रिका मराठीत करतेय. पानोपानी 'रेझिलिअन्स', म्हणजे धक्का बसल्यावर पुन्हा उभं राहण्याची ताकद. मी आपलं 'मानसिक लवचिकता' लिहून मोकळी झाले. काल कच्चा मजकूर एका हवालदारांना वाचायला दिला, तर म्हणाले, "मॅडम, लवचिक म्हणजे वरून फोन आला की वाकणारा. आमच्यात ही शिवी आहे." 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तेवढा बिनतक्रार उतरलाय, बाकी सगळं अडलंय. काय लिहू?

मोडीवाला : चिवटपणा. लवचिकता वेताला, चिवटपणा माणसाला.

निशिगंधा : चिवट तर हळदीचा डागही असतो आणि विमा एजंटही. 'खंबीर' का नको?

मोडीवाला : चालेल! माझ्या मते खंबीर आला खमीरवरून. आंबवण. भिजवलेला मैदा बुक्की मारून बसवा, तासाभरात पुन्हा वर. रेझिलिअन्स म्हणजे आणखी काय असतं?

शुद्धमती : ही सोयीची व्युत्पत्ती झाली. खांबासारखा तो खंबीर, शाळेतलं पोरही सांगेल.

निशिगंधा : पोरही सोयीचंच सांगतंय.

घाटकोपरकर : माझे वडील रेल्वे पोलिसांत होते. रुळावरची बॉडी उचलायची, पंच गोळा करायचे, पंचनामा लिहायचा, अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायची. नवा शिपाई पहिल्या दिवशी नळाशी ओकायला लागला की जुने म्हणायचे, "होतं पहिल्यांदा. रुळशील." हाच शब्द. आम्ही घरी त्यावर हसायचो. वडील कधीच रुळलेत, असं सगळे धरून चाललो होतो. निवृत्त होऊन आठेक वर्षं झाल्यावर एकदा जेवताना आईला म्हणाले, "त्याच्या डब्यातली मेथीची भाजी अजून गरम होती." कोणाच्या, कधी, काही नाही. मग दही मागितलं.

तळटीप : म्हणजे 'रुळणं' बाद. रुळलो म्हणणाऱ्यालाच आधी विचारा, असं तर पत्रिका सांगतेय. 'सावरणं' कसं वाटतं? नाम नको, क्रियापदच ठेवते.

मोडीवाला : सावरायला आधी पडावं लागतं, आणि पडायला रजा लागते. किरकोळ रजेच्या अर्जात 'मन थाऱ्यावर नाही' असं कारण लिहून बघा. मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी करून पाहिली ती 2016 मध्ये. तोवर बारा तास, वर सणासुदीचा बंदोबस्त. त्या माणसाला चिवट म्हणा की खंबीर, त्याला आधी झोप द्या.

शुद्धमती : भावना पोचल्या, पण विषय शब्दांचा आहे. 'बॉडी' काय, 'पंचनामा' काय! त्यातला नामा फारसी. दलाचं ब्रीद बघा, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. त्या तोलाचा शब्द हवा. 'मनोधैर्य' आहे की तयार.

निशिगंधा : मनोधैर्य म्हटलं की ठाण्यात 2013 ची योजना आठवते, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या अर्थसाहाय्याची. अंमलदार विचारेल, फॉर्म कुठे भरायचा?

घाटकोपरकर : ब्रीद बोधचिन्हावर असतं हो. रात्री अडीचला कंदिलासारख्या टॉर्चवर लिहायचं ते 'मयत इसम, अंगात पिवळा शर्ट, खिशात द्वितीय वर्गाचा पास'.

शुद्धमती : 'मृत' लिहिलं तर हात दुखतो का?

घाटकोपरकर : 'मृत' जनावरही असतं. 'मयत' म्हटलं की माणूसच. वडील कुत्र्याला कधी मयत म्हणाले नाहीत.

निशिगंधा : आमच्या मिरजेकडे 'मयतीला जाऊन आलो' म्हणतात. नाम, तेही स्त्रीलिंगी. मग विशेषण कधी झालं?

मोडीवाला : उलट आहे. अरबी मय्यित म्हणजे मेलेला. विशेषण आधीचं, तुमची मिरजेची मयत नंतरची.

तळटीप : मंगळवारी छपाईला द्यायचंय. 'सावरणं' लिहू की नको?

शुद्धमती : एक मिनिट. मूळ रूप 'मयत' की 'मयती'? मी दोन्ही ऐकलंय.