निकालपत्रात नाव नसलेली माणसं (अनुभव धागा)

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत मी चौदा वर्षं वकील म्हणून काम करते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्या तारखेच्या आसपास आमच्याकडे दरवर्षी छोटासा कार्यक्रम असतो. वर्षभरात जिंकलेल्या केसेस वाचून दाखवतात, टाळ्या होतात, फुलं देतात. यंदा यादी ऐकताना एकदम लक्षात आलं की प्रत्येक केसपुढे फक्त वकिलाचं नाव आहे. निकालपत्रावर जे छापून येतं, तेच आम्ही आमच्या यादीत उतरवून घेतलं होतं.

१९८३ चा शीला बारसे निकाल आम्ही सगळे शिकलो. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून एका पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. खरं काय ते पाहायला कोर्टाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं. पत्र पत्रकाराचं, अहवाल समाजकार्यकर्तीचा. महिलांना कोठडीत कसं ठेवायचं याचे कोर्टाचे निर्देश त्यातून आले.

म्हणून हा धागा. तुमच्या संस्थेतल्या कुठल्याही एका माणसाबद्दल लिहा, पण त्याने नेमकं काय केलं ते लिहा. ‘फार मेहनती आहेत’ एवढंच नको. अशिलाचं नाव, गाव, केस नंबर कृपया येऊ देऊ नका.

सुरुवात मी करते. आमच्याकडे एक कारकून आहेत, निवृत्तीला आलेले. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ जुन्या केसेसनाही लागू होईल. म्हणजे ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. ऑक्टोबरमध्ये जिल्हा कारागृहाची यादी आली. त्यात चोरीच्या केसमधला एक मुलगा होता. कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे त्याला एक वर्ष पुरं व्हायला हवं होतं, आणि यादीत त्याचे नऊच महिने भरत होते. मी नाव बाजूला ठेवलं आणि पुढच्या पानावर गेले.

कारकूनकाका संध्याकाळी ते पान घेऊन परत आले. म्हणाले, “ताई, ही तारीख अटकेची नाही. या दिवशी तो तालुक्याच्या कोठडीतून इकडे आला.” त्यांनी पहिल्या रिमांडची नक्कल काढून आणली होती. आधीचे चार महिने यादी करताना गळलेच होते. तेरा महिने झाले होते त्याला! अर्ज मी केला, आदेशात नाव माझं आलं. ते पान परत उलटून पाहिलं ते काकांनी.

समुपदेशक, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस

माझा अनुभव आमच्या टायपिस्ट ताईंचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज म्हटलं की वकील पोटगी, राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश एवढं सांगून मोकळे होतात, वेळच नसतो. त्या दिवशी अर्ज टाइप करता करता ताई थांबल्या आणि समोरच्या बाईला विचारलं, “तुझ्या घरात तुझं स्वतःचं काय काय राहिलंय?” ती म्हणाली, काही नाही. ताईंनी पुन्हा विचारलं, स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. डबे, पातेली, माहेरची पेटी. मग ती बाई हळूच म्हणाली, “एक शिलाई मशीन आहे. आईने दिलेलं. पायाचं.”

ताईंनी मशीनचा रंग विचारला, फळीवर कुठे चरा आहे का विचारलं, दोऱ्याची रिळं कशात ठेवतेस तेही विचारलं. ती सगळी यादी अर्जाला जोडली. कलम १९ खाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश झाला तेव्हा सासरचे म्हणाले, असं मशीन नाहीच. संरक्षण अधिकारी यादी हातात घेऊन घरात गेल्या तर माळ्यावर पोत्याखाली तेच मशीन, फळीवर तोच चरा.

पोटगीची पहिली रक्कम हातात यायला पुढे सात महिने लागले. ते सात महिने ती बाई परकर-झबली शिवून जगली. आमच्या वार्षिक अहवालात ही केस ‘पोटगी मंजूर’ या रकान्यात गेली. मशीनला रकानाच नव्हता. आता मी तो करून घेतला आहे आणि ताईंचं नाव त्याच्यापुढे लिहिलं आहे.

पूर्वी अशील होते, आता कुणाची नाही

मला लिहायची सवय नाही. मी पहिल्यांदा संस्थेत गेले त्याच्या आधी कोर्टाबाहेर एकाने माझ्याकडून कागदाचे म्हणून पैसे घेतले होते. आत जायची भीती वाटत होती. दारावरच्या मावशींनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, इथे पैसे लागत नाहीत, आणि सरकारी वकील मागितलास तरी बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कुणी मागितला तर मला येऊन सांग. विधी सेवा कायद्याचं कलम १२ वकील मॅडमनी नंतर समजावलं. मला ते मावशींकडून आधीच कळलं होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पॅरालीगल स्वयंसेवकांची प्रशिक्षक, वनहक्क

आमच्या भागात वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे नामंजूर होऊन यायचे. वर एकच शेरा, ‘पुरावा अपुरा’. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले ते आमच्या लोकांना ऐकून ठाऊक होतं, पण आपल्या गावाचं कसं व्हायचं हे कुणी बसून सांगत नव्हतं.

आमच्यातली एक स्वयंसेवक दहावी झालेली, त्याच पाड्यावरची. वनहक्क कायद्याच्या नियमांचं पुस्तक तिने इतकं वाचलं की पानं सुटी झाली. नियम १३ मध्ये पुराव्याची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच, पण विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा हेही पुरावेच आहेत, आणि वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनसुद्धा. दावेदार स्वतः सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं हवं, एवढीच अट. हे तिने ओळीवर बोट ठेवून ग्रामसभेत वाचून दाखवलं.

मग ती दोन म्हाताऱ्यांना घेऊन शेतं हिंडली. एकाला दिसत कमी होतं. तो पायाने जमीन चाचपून सांगायचा, इथे जुना बांध आहे. खणून पाहिलं की दगड लागायचे. तिने प्रत्येक दगडाची जागा नकाशावर घेतली, निवेदनं लिहिली, अंगठे घेतले, वाचून दाखवली. नामंजुरीवर साठ दिवसांत वर दाद मागायची असते. पन्नासाव्या दिवशी ती एकेचाळीस दावे पिशवीत घालून एसटीने जिल्ह्याला आली. त्यातले बरेचसे पुन्हा तपासायला खाली पाठवले गेले आणि काहींचे पट्टे हातात आले. पुढच्या वर्षीपासून नामंजुरीच्या पत्रात कारण सविस्तर लिहून यायला लागलं, आणि ॲडव्होकसी म्हणून मला त्याचंच मोल जास्त वाटतं. कारण कळलं की पुढचा माणूस लढू शकतो.

आता नोकरी सोडली आहे

माझा अनुभव कडू आहे, तरी लिहिते. मी आधी जिथे होते तिथे एका मुलीची पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केस आम्ही जिंकली. शिक्षा झाली. वर्धापनदिनाला देणगीदार येणार होते. ठरलं की मुलीच्या आईला स्टेजवर बोलवायचं, साडी द्यायची, दोन शब्द बोलायला सांगायचं. मुलीचा चेहरा कुठे दिसतोय, असं म्हणणं होतं.

आमच्यातली सर्वांत नवी समाजकार्यकर्ती उभी राहिली. म्हणाली, पोक्सोच्या कलम २३ मध्ये कुटुंबाची ओळखही उघड करायची नाही असं आहे, आणि ती आई मला नाही म्हणू शकणार नाही म्हणून हो म्हणतेय. ती रडत होती बोलताना, पण बसली नाही. कार्यक्रमातला तो भाग काढला गेला. तिच्या मूल्यमापनात मात्र ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा आला.

त्या वर्षी त्या संस्थेत झालेलं सर्वांत चांगलं काम ते होतं असं मी मानते. तेव्हा मी तिच्या बाजूने मोठ्याने बोलले नाही, म्हणून आज इथे बोलते आहे.

धागाकर्ती: तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्याकडेही दोनदा असं होता होता राहिलं आहे. कौतुक आपल्या माणसांचं करायचं असेल तर स्टेजवर आपलीच माणसं असावीत, अशील कधीच नको. हे मी आमच्या समितीला लेखी देणार आहे.

तुरुंगभेटीला जाणारा वकील

थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या होस्कॉट निकालापासून कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळायला हवी, तिची लेखी पोचही घ्यायला हवी. आमची एक कनिष्ठ सहकारी भेटीला गेली की आधी पोचेची वही मागते. अंगठे सगळे असायचे. तिने एकदा एका आजोबांना विचारलं, यात काय लिहिलंय? त्यांनी प्रत उशीखालून काढली. इंग्रजीत, घडी न मोडलेली. अपिलाची मुदत संपायला चार दिवस होते. तेव्हापासून दर भेटीत निकाल मराठीत वाचून सांगायचा आणि अपील करायचं का ते विचारून लिहून घ्यायचं, असं तिने पत्रांमागून पत्रं लिहून तुरुंग प्रशासनाकडून मान्य करून घेतलं.

आजोबांचं अपील फेटाळलं गेलं. केस आम्ही हरलो. पण ते मुदतीत दाखल झालं, कोर्टाने ऐकलं, आणि तिने तो निकालही त्यांच्याजवळ बसून पूर्ण वाचून दाखवला.

धागाकर्ती

काल कारकूनकाकांना हा सगळा धागा ऑफिसात वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, माझ्या भागात एक दुरुस्ती करा. यादीतली तारीख चुकली आहे हे त्यांना आपणहून कळलं नव्हतं. त्या मुलाची आई दुपारी ऑफिसात आली होती, मी कोर्टात होते. ती म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेलं त्याला, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा गेला नव्हता. काकांनी आदल्या वर्षीचं कॅलेंडर काढून पोळा कधी होता ते पाहिलं, आणि मग रिमांडची नक्कल काढायला गेले.