तातडीच्या कामांतून महत्त्वाचं काम कसं वाचवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्यांसाठी कामाची माहितीपुस्तिका लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ती झाली तर रोजचे निम्मे प्रश्न मला कुणी विचारणारच नाही. पण तिला मुदत नाही, तिच्यासाठी कुणी फोन करत नाही. सकाळी फाईल उघडते, तेवढ्यात "जरा पाच मिनिटं" असा मेसेज येतो आणि दुपार होते.

काम महत्त्वाचं आहे की नाही आणि तातडीचं आहे की नाही, यावरून ते चार खान्यांत वाटायची पद्धत माहीत आहे. १९५४ मधल्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हा फरक मांडला होता, त्यावरून तिला त्यांचं नाव मिळालं. वर्गीकरण मला जमतं. अडतं ते पुढे, कारण समोरच्या माणसाचं काम खरंच अडलेलं असतं. त्याला थांबवणं मला पटत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की मोबदला कमी असला तरी मुदत जवळ आलेलं काम लोक आधी निवडतात. निवडतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं, तर ही ओढ कमी होते. म्हणून पुस्तिकेचा फायदा मोठ्या अक्षरांत समोर लावला. थोडा फरक पडला, पण मेसेज वाजला की तो टिकत नाही.

ज्यांचं कामच इतरांना उत्तरं देण्याचं आहे, त्यांनी रोजचा एक तास कसा राखला? सहकाऱ्यांना आधी काय सांगितलं? वरिष्ठांकडून मुदत मागून घेतली तर उपयोग होतो का?