सरपंचाची पोरं झेडपीत होती तेव्हा आणि आता: अनुभव लिहा

परिसरातल्या सगळ्यांची पोरं एकाच शाळेत जावीत, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं होतं. त्यावर भाषणं नकोत, स्वतःचं सांगा. सुरुवात मी करतो.

चौथीपर्यंत मी आणि सरपंचांचा मुलगा एकाच तरटाच्या पट्टीवर बसायचो. छत गळलं की आठवड्यात पत्रा बदलायचा, कारण पाणी त्याच्याही पाटीवर पडायचं. आता त्याच्या मुलाला न्यायला पिवळी बस याच शाळेच्या फाटकासमोर थांबते. गेल्या पावसाळ्यात दुसरीच्या वर्गात बादली ठेवलेली होती. ग्रामसभेत चर्चा झाली ती गावाच्या कमानीची.

*

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा) खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांत मुलाचा नंबर लागला, पेढे वाटले. फी माफ, पण सहल आणि गॅदरिंगचा ड्रेस यांची पावती वेगळी. त्यात वाढदिवसाला वर्गभर रिटर्न गिफ्ट द्यायची पद्धत. लागोपाठ दोन वर्षं वाढदिवसालाच त्याचं पोट दुखलं. मीही खोदून विचारलं नाही.

*

आमचं २०२४ चं. फेब्रुवारीत शासनाने नियम काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला त्या २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, जुलैत नियम रद्द. सर्वोच्च न्यायालयातही तेच टिकलं. जिंकलो म्हणायचं. मुलगी वर्गात बसली तोवर बाकीच्यांची एबीसीडी संपली होती. (ज्यांनी नियम काढला त्यांची नातवंडं कुठे शिकतात, हे विचारायची सोय नाही.)

*

मी झेडपीची शिक्षिका. आरटीई कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर काम देऊ नका. ते 'सोडून'च आम्हाला पुरून उरतं. शाळा दोनशिक्षकी, मी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारी. मतदारयादी निघाली की चारही वर्ग एकट्या सरांच्या गळ्यात. एका बंगल्यात नाव नोंदवायला गेले, तर बाई म्हणाल्या, "सरकारी शाळेत शिकवतच नाहीत हो!" मी त्यांचाच फॉर्म भरत होते. वार गुरुवार, वेळ साडेअकराची.

*

आमच्या वस्तीवर उलटं झालं. कोविडनंतर फी झेपेना म्हणून ट्रॅक्टरवाले, दुकानदार पोरं झेडपीत घेऊन आले. बंद पडलेला हातपंप महिन्याभरात दुरुस्त. पुढच्या जूनला निम्मी पोरं परत गेली. हातपंप चालू आहे अजून.