लंडनमध्ये दोघांसाठी एकच दिवस: रत्नागिरीशी नातं असलेली ठिकाणं पाहायची आहेत, मार्ग सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं जूनमध्ये मुलाकडे लेस्टरला जातोय. कॅनिंगचा आंबा एकदा गेला आणि आगोटीची कामं उरकली की निघायचं. मुलाला सुट्टी नाही, त्यामुळे एका गुरुवारी आम्हीच दोघं लंडन बघून येणार. सकाळी सेंट पँक्रसला उतरायचं, रात्रीच्या गाडीने परत.

टूरवाल्यांचे कार्यक्रम पाहिले. सगळीकडे राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय आणि वीस मिनिटं फोटोला. आम्हाला बिग बेन पाहायला आवडेलच, पण खरी ओढ वेगळी आहे. आमचा जन्म रत्नागिरीत गेला. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा पॅलेस ही आमची रोजच्या येण्याजाण्यातली ठिकाणं. त्यांची दुसरी टोकं लंडनमध्ये आहेत, ती पाहायची आहेत.

इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक विलायतेला गेले तेव्हा 1918-19 मध्ये ते मेडा व्हेलमधल्या 10 हॉवली प्लेस इथे राहत होते. खटला हरले, पण त्या घरावर आज त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. बाबासाहेब 1921-22 मध्ये 10 किंग हेन्रीज रोडला राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने घेतलं आणि 2015 पासून तिथे स्मारक आहे. ह्यांचं आजोळ मंडणगडचं, बाबासाहेबांच्या आंबडव्यापासून जवळच, त्यामुळे ह्यांच्या यादीत पहिलं नाव तेच. तिसरं हायगेटचं इंडिया हाऊस, 65 क्रॉमवेल अव्हेन्यू, जिथे सावरकर राहिले. पुढे 1924 ते 1937 ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. पतितपावनच्या सहभोजनांच्या गोष्टी ह्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत.

आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेहून त्याची राजचिन्हं नेली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये होती. 1964 मध्ये ती ब्रह्मदेशाला परत केली, तेव्हा त्यांनी त्यातलं हंसाच्या आकाराचं रत्नजडित सोन्याचं पात्र म्युझियमला भेट दिलं. राजा 1916 मध्ये आमच्या गावात वारला. त्याच्या दरबारातली वस्तू डोळ्यांनी पाहायला मिळाली तर मला फार बरं वाटेल.

अडचण ह्यांच्या गुडघ्याची. सपाटीवर छान चालतात, पण जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कठडा धरून थांबावं लागतं. एका दिवसात हे सगळं झेपेल का? क्रम कसा लावावा? ट्यूब (भुयारी रेल्वे) बरी की बस? शिवाय आम्ही गुरुवारी मासेमटण खात नाही, तर जेवणाचंही सांगा.

खाडीपलीकडची (लंडन, मूळ दापोली):

काकू, सुरुवात म्युझियमपासून करा. दहाला उघडतं, प्रवेश फुकट. सेंट पँक्रसहून पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला नेते. आदल्या दिवशी म्युझियमच्या वेबसाइटवर ते पात्र शोधा, कोणत्या दालनात मांडलंय ते तिथे दिसतं. वस्तू कधी कधी हलवतात, म्हणून बघूनच निघा. स्वच्छतागृहही तिथेच उरकून घ्या, पुढे घराघरांतून हिंडताना पंचाईत होते.

तिथून सर्कल लाइनने पॅडिंग्टन. पुढे कालव्याच्या कडेने लिटल व्हेनिसवरून हॉवली प्लेस चालत गाठता येतं. काकांना हा रस्ता आवडेल, नांगरलेल्या होड्यांमध्ये माणसं संसार करून राहतात. टिळकांचं घर खासगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचं.

पुढच्या टप्प्याला मात्र ट्यूब नको. किंग हेन्रीज रोड तिथून तीन-चार किलोमीटरच आहे, पण ट्यूबने गाडी बदलत वळसा घालावा लागतो. काळी टॅक्सी करा, कार्ड चालतं. स्मारकाच्या वेळा आधी बघून ठेवा. नंतर कॅमडन टाउनहून 24 नंबरची बस पकडलीत की ट्राफलगर स्क्वेअर, व्हाइटहॉल करत पार्लमेंटसमोर उतराल. हायगेट मी सोडलं असतं, चढाचा भाग आहे.

माडाखाली (मालवण):

आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. बसमध्ये रोख पैसे अजिबात घेत नाहीत. कार्ड टेकवायचं आणि दोघांची कार्डं वेगळी हवीत, एकावर दोघं जात नाहीत. परदेशातले व्यवहार बँकेकडून इथूनच चालू करून घ्या. ट्यूबमध्ये शिरताना टेकवलेलंच कार्ड बाहेर पडतानाही टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. खाण्यासाठी यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटला जा, तिथे आपल्या पद्धतीचं शाकाहारी मिळतं. पण ते तुमच्या वाटेपासून बाजूला आहे, दुपारसाठी दशम्या सोबत असू द्या.

मूळ धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आमचं दोघांचं ठरलं की सोडायचंच तर बिग बेन सोडू, हायगेट नाही. बिग बेन मुलगा कधीतरी रविवारी दाखवेल. हायगेटच्या घरावरच्या सावरकरांच्या पाटीसाठी तो मुद्दाम वेळ काढेल असं वाटत नाही, आणि ती ह्यांच्याबरोबरच पाहायची आहे. तर स्मारकाहून हायगेट आणि तिथून सेंट पँक्रस, कमीत कमी पायऱ्यांत कसं जमेल?

खाडीपलीकडची:

मग स्मारकाहूनही टॅक्सीच करा आणि थेट क्रॉमवेल अव्हेन्यूला उतरा. ट्यूबने गेलात तर कॅमडन टाउनला नॉर्दर्न लाइनची शाखा बदलावी लागते आणि तिथे जिने आहेत. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, सातला पोचलात तरी पाटी नीट वाचता येईल. हेही घर बाहेरूनच.

परतताना आर्चवे रोडवरून 43 किंवा 134 नंबरच्या बसने आर्चवे स्टेशनला या, खाली सरकते जिने आहेत. फलकावर ‘व्हाया बँक’ लिहिलेलीच गाडी घ्या, ती सरळ किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जाते. ‘व्हाया चेरिंग क्रॉस’वाली यूस्टनवरून दुसरीकडे वळते. लेस्टरची गाडी नऊच्या आधीची घेऊ नका, म्हणजे घाई होणार नाही.