वाडा पाडू नका म्हणणाऱ्यांनो, एक पावसाळा त्यात काढून दाखवा

माडीवरचा भाडेकरू
काल एका गृहस्थांनी आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दिंडी दरवाजाचा फोटो टाकून लिहिलं, "आणखी एक वारसा बिल्डरच्या घशात." खाली हळहळीचा पूर. गृहस्थ राहतात पेठांपासून दूर, बाणेरच्या नव्या उपनगरात. म्हणून जरा सविस्तर.

फोटोत न दिसणारं सांगतो. माडीवरची तुळई वाळवीने खाल्लीय. तिला लोखंडी टेकू दिलाय आणि त्या टेकूला वळसा घालून आई स्वयंपाक करते. कडीपाटातून माती गळते, म्हणून आमटीच्या पातेल्यावर कायम ताटली. संडास चौकापलीकडे, सामायिक. आईचे गुडघे गेलेत, रात्री जिना उतरायचा तर मला उठवते. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्याची नोटीस दारावर डकवते आणि आषाढात ती भिजून गळून पडते.

जागा खाजगी आहे. मालकांचे नऊ वारस, अकरा भाडेकरू, आणि या वीस जणांचं आत्ता कुठे जमलंय. पुनर्विकासाला माझा शंभर टक्के पाठिंबा. विश्रामबागवाडा, नानावाडा महापालिकेने स्वतःच्या पैशाने दुरुस्त केले, छानच झाले. आमच्या वाड्याला पैसे कोण देणार? हळहळणारे वर्गणी काढताय का?

बाणेरचा (फोटो मीच टाकला)
बाणेरला राहतो, कारण नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला. आज तिथे मोबाइल कव्हरची दुकानं आहेत. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. तुळई बदलता येते हो, पण दुरुस्तीचा हिशोब तरी कोणी मांडला का? पाडायचं आधी ठरतं, कारणं मागून येतात.

मालकाचा पुतण्या
मी मांडतो हिशोब. एका खोलीचं भाडं महिना ६० रुपये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे २ रुपये ४० पैसे. बसवा यात सागाची तुळई. गल्ली नऊ मीटरपेक्षा अरुंद, म्हणून टीडीआर (दुसरीकडचा बांधकामाचा हक्क विकत आणून इथे जास्त बांधणं) नाही, म्हणून इतकी वर्षं एक बिल्डर फिरकला नाही. आणि भाडेकरूसाहेब, ते ६० रुपयेसुद्धा आमची आजी दारात उभी राहून मागायची, हे लिहायचं विसरलात.

माडीवरचा भाडेकरू
पावती न देता मागायची, हे तुम्ही विसरलात.

कसब्याची
तुम्हाला निदान पाडता तरी येतं. आम्ही शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत. पुरातत्त्वाच्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून नवं बांधकाम बंद आणि डागडुजीलाही परवानगी लागते. पेशव्यांची भिंत जपायची म्हणून आमची पडू द्यायची.

जुना नारायणपेठी
१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा मातीचे वाडे ढेकळासारखे विरघळताना मी पाहिलेत. त्याच जागांवर इमारती उठल्या. पेठेचं पेठपण गेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी
सगळं मान्य, पण पार्किंग? शेजारच्या नव्या इमारतीतलं मेकॅनिकल पार्किंग पूजेपुरतं चाललं. आता त्यात मांडवाचे बांबू ठेवतात आणि गाड्या गल्लीत. बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका आत येईना. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत नेलं. वाडा होता तेव्हा तिथे सायकली होत्या.

कसब्याची
सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो आहे. गाडी हवीच कशाला?

गल्लीच्या तोंडाशी
बरोबर. पुढच्या वेळी बाबांना मेट्रोने नेतो.

मालकाचा पुतण्या
गल्लीत गाड्या लावतात ते लक्ष्मी रोडला खरेदीला येणारे. बाणेर-औंधचेच.

बाणेरचा
वैयक्तिक होऊ नका. मी रिक्षाने येतो.

मालकाचा पुतण्या
आणि रिक्षा कुठे थांबते? आमच्या दारात.

आता धायरीला
भांडा. आमचाही वाडा असाच एकमताने पाडला. बिल्डरने सुरुवातीला पर्यायी जागेचं भाडं दिलं, मग फोन उचलेना. काम जोत्याच्या वर गेलंच नाही. वडील इथल्या भाड्याच्या खोलीतच वारले. माडीवाल्यांनो, बिल्डरकडून बँक गॅरंटी (तो पळाला तर बँक पैसे भरते, ती) घेतलीत का?

माडीवरचा भाडेकरू
करारनामा रजिस्टर करतोय. गॅरंटी मागितलीय, बिल्डर कुरकुर करतोय.

आता धायरीला
म्हणजे घेतलेली नाही. आणि पाठिंबा शंभर टक्के!

माडीवरचा भाडेकरू
बरं, नव्वद. खूश? पण हे दहा टक्के बिल्डरवरच्या अविश्वासाचे आहेत, तुळईवरच्या प्रेमाचे नाहीत.

बाणेरचा
निदान दरवाजा नव्या इमारतीला बसवा. एवढं तर जमेल?

मालकाचा पुतण्या
दुचाकी आत जाईल एवढी रुंदी त्याला नाही.

गल्लीच्या तोंडाशी
मग दुचाक्या पुन्हा गल्लीतच ना? नकाशात किती दाखवल्यात ते टाका इथे. अकरा भाडेकरू, नऊ वारस, घरटी दोन धरा.