घरून काम सुरू झाल्यापासून रात्री पाय सुजतात, काय करावं?

डोंबिवली_पूर्व:

नमस्कार. माझं वय 44. अमेरिकेतल्या विम्याचे क्लेम तपासायचं काम करते, शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. आधी ऑफिस ऐरोलीला होतं. डोंबिवलीहून लोकल, ठाण्याला गाडी बदलायची, पूल चढायचा-उतरायचा, जेवायला खालच्या मजल्यावर कॅन्टीन. आता कायमचं घरून. प्रवास वाचला याचा आनंद आहे, पण पाय बिघडलेत.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडते. टेबल उंच, खुर्ची लाकडी आणि माझी उंची चार फूट अकरा इंच. पाठ टेकून बसले की चवडे जेमतेम जमिनीला लागतात, टाचा अधांतरी. मग एक पाय दुमडून खुर्चीवर घेते, त्याला मुंग्या आल्या की दुसरा. बारानंतर दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या ठणकायला लागतात. शिफ्ट संपेपर्यंत जोडवी बोटांत इतकी रुततात की साबणाचा हात लावल्याशिवाय निघत नाहीत. नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही. झोपून उठलं की सूज उतरलेली असते. दोन्ही पायांना सारखीच असते.

वन बीएचके आहे. बारावीतला मुलगा हॉलमध्येच झोपतो, त्यामुळे रात्री फेऱ्या मारत बसणं जमत नाही. जागच्या जागी करता येईल असं काही आहे का? मेडिकलमध्ये घट्ट मोजे मिळतात ते घ्यावेत का? सासूबाई म्हणतात, काशाच्या वाटीने तळवे घासून देते. त्याने बरं वाटेल, पण चालेल ना?

सातारकर_भाषांतर:

ताई, सगळ्यात आधी पाट घ्या. आपला जेवायचा लाकडी पाट, पूजेला काढतो तोच. टेबलाखाली सरकवून ठेवा आणि दोन्ही तळवे त्यावर पूर्ण टेकवा. एक कमी पडला तर दोन एकावर एक, पण हलणार नाहीत असे. माझंही टेबल उंच आहे आणि मी भाषांतराला बसलो की उठायचं भान राहत नाही. पाट आल्यापासून मांडीखाली रुतायचं थांबलं.

दुसरं म्हणजे पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नका. तांब्या-भांडं ओट्यावरच राहू द्या. तहान लागली की उठावंच लागतं, आणि पाणी प्यायलं की थोड्या वेळाने पुन्हा उठावं लागतं. याला ना गजर लागतो ना ॲप.

कोल्हापूर_फिजिओ:

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरून काम करणाऱ्यांचे पाय हल्ली रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण ते वर परत यायला पोटरीची मदत लागते. पोटरी म्हणजे हापसा समजा. चालताना स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर जातं. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्या ते खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या माणसाच्या पावलाच्या शिरेत साधारण 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तोच माणूस चालायला लागला की काही पावलांतच तो 30 च्या खाली येतो. तुम्ही नऊ तास खुर्चीत बसता तेव्हा हे काम जवळपास बंद असतं. दाब वाढून रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. जोडवी रुततात ती त्यामुळे. आडवं झालं की दाब उतरतो आणि सूजही उतरते. म्हणजे तुम्ही जे लिहिलंय ते या चित्रात चपखल बसतं.

म्हणूनच बसणं टाळता येत नसलं तरी पोटरी गप्प ठेवायची नाही. बसल्या बसल्या टाचा जमिनीवर टेकवून चवडे वर ओढा, मग चवडे टेकवून टाचा जितक्या उचलता येतील तितक्या उचला. सावकाश, पूर्ण हालचाल. नुसते पाय नाचवण्याने तेवढं काम होत नाही. एक क्लेम संपवून दुसरा उघडेपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यात वीसेक वेळा होतं. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, ओट्याला हात धरून चवड्यांवर उभ्या राहा, सावकाश खाली या. दहा-पंधरा वेळा. आवाज अजिबात होत नाही, मुलाची झोप मोडणार नाही. जेवणाच्या सुट्टीत जिन्याने एक मजला उतरून चढून या.

आता खुर्ची. सातारकरांनी पाट सुचवला तो अगदी योग्य आहे, आणि त्यामागचं कारण फार महत्त्वाचं आहे. पाय लोंबकळले की खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूला आणि गुडघ्याच्या लवणीत दाबते, आणि शिरा तिथून जातात. 1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्रभर तळघरांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून झोपायचे. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेल्याने त्या काळात मृत्यू वाढले. किथ सिम्पसन या शवविच्छेदन तज्ज्ञाने त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांड्यांखाली दाबत होती हे त्यातलं एक कारण. 2003 साली न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी 32 वर्षांच्या एका तरुणाची अशीच केस नोंदवली. तो संगणकापुढे दिवसाचे बारा-बारा तास, कधी अठरा तासांपर्यंत बसायचा. त्याच्याही पायातली गाठ फुप्फुसात गेली होती. घाबरवायला सांगत नाही, अशा केसेस विरळाच असतात. पण खुर्चीची कड आणि लवण यांत दोन-तीन बोटं जातील एवढी जागा ठेवा. सीट खोल असेल तर पाठीमागे उशी किंवा घडी केलेली चादर घ्या म्हणजे आपोआप पुढे सरकाल.

पाय दुमडून बसल्यावर मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा संवेदना नेणारी नस (मज्जातंतू) दबल्याने येतात, रक्त थांबल्याने नव्हे. पाय सोडला की जातात. तरीही ती सवय सोडा, कारण दुमडलेल्या पायाची पोटरी अजिबात हलत नाही.

शिफ्ट संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं भिंतीला पाय लावून आडव्या व्हा, पाय हृदयाच्या वर हवेत. रात्रीच्या डब्यात पापड, लोणचं, फरसाण असेल तर कमी करा, मिठाने पाणी धरून राहतं.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा. एकाच पायाला सूज आली, ती पोटरी दुखते, गरम लागते, लालसर किंवा काळपट दिसते, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, मोजा चढवायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांमधलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी, करून घ्यायची. त्यात अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर थेट इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, नुकतं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल, घरात कुणाला अशी गाठ झाली असेल तर आणखी जपायचं.

तुम्हाला बीपी, थायरॉइड, किडनी, हृदय यांपैकी काही आहे का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? ते कळल्याशिवाय मोज्यांबद्दल सांगणं बरोबर नाही.

इचलकरंजी_शिलाई:

मी घरी ब्लाउज शिवते. तुमचं काम कॉम्प्युटरचं असलं तरी त्रास तोच आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे आधी पायाची मशीन होती. दिवसभर दोन्ही पायांनी पायटा मारायचा. संध्याकाळी दमायला व्हायचं, पण सूज कधी नाही. मग मोटर बसवली. काम दुप्पट व्हायला लागलं, कारण आता उजव्या पायाने नुसतं बटण दाबायचं आणि डावा पाय तसाच पडून. लग्नसराईत तर सकाळी बसलं की जेवायलाच उठायचं. तेव्हापासून घोटे भरून यायला लागले. फिजिओताईंनी हापशाचं लिहिलंय ते वाचून आत्ता उलगडा झाला.

मी काय केलं सांगते. जाड कापडाचं काम आणि लांब शिवणी मोटरवर ठेवल्या. फॉल, पिको सोडून बाकीची हलकी शिवण पुन्हा जुन्या मशीनवर घेतली. इस्त्रीचं टेबल मुद्दाम दुसऱ्या खोलीत नेलं. प्रत्येक बाही, प्रत्येक पट्टी इस्त्रीला न्यावी लागते, तेवढं चालणं होतं. गिऱ्हाईक आलं की माप उभं राहून घेतेच. आमच्या गल्लीतल्या बाया एका जागी बसून धागे कापतात, मणी ओवतात, त्यांना पण मी हेच सांगते. तुमच्याकडे पण प्रिंटर म्हणा, चार्जर म्हणा, एखादी लागणारी वस्तू लांब ठेवा.

नाशिक_मधुमेही:

ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी थोडी भर. गेली काही वर्षं हिशेबाची कामं घरूनच करतो. आमच्या पायाचा प्रश्न सुजेच्या पुढचा आहे, कारण दुखलेलं कळतच नाही. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून संवेदना तपासतात, दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. तो मला अंगठ्याखाली जाणवत नाही. म्हणून घरातही अनवाणी नाही. मऊ चप्पल दाराशी नाही, पलंगाशी असते. आंघोळीआधी पाणी हाताच्या कोपराने बघायचं, पायाने नाही. रोज रात्री मोबाइलने तळव्यांचा फोटो काढतो, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकून दिसत नाही ते फोटोत दिसतं. भेगांना कोकमाचं तेल लावा, पण बेचक्यात तेल-क्रीम नको, तिथे ओल राहून बुरशी धरते. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप झालं तर ब्लेड किंवा कॉर्नकॅप लावू नका, दाखवा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन बसणं तर अजिबात नको, भाजलेलं सकाळी कळतं.

डोंबिवली_पूर्व:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाट आजच काढला, फरक लगेच जाणवला, टाचा टेकल्या. फिजिओताई, शुगर नाही. थायरॉइड मागच्या तपासणीत नॉर्मल होतं. बीपी निघालंय आणि दिवाळीनंतर ॲम्लोडिपिन सुरू झाली. मध्यंतरी ती पाचाची दहा केली. आता आठवते तशी जोडव्यांची तक्रार त्यानंतरच वाढली. गोळीने असं होतं का?

कोल्हापूर_फिजिओ:

होतं. ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येणं हा त्या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे, बायकांमध्ये जास्त दिसतो आणि डोस वाढला की वाढतो. ती बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे पाणी झिरपतं. पण ताई, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे जा आणि सांगा की डोस वाढल्यापासून सूज वाढली. ते डोस कमी करतील, दुसरी गोळी देतील किंवा जोडीला एखादी देतील, तो निर्णय त्यांचा. त्याच भेटीत लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ती रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करून घ्या, कारण दोन्ही पायांची सूज किडनी आणि रक्ताच्या कमतरतेनेही येते. दम लागत असेल, सपाट झोपल्यावर गुदमरत असेल तर तेही सांगा.

काशाच्या वाटीला हरकत नाही. दोन्ही पायांना सारखी सूज आहे आणि पोटरी दाबून दुखत नाही, तोवर सासूबाईंना तूप लावून तळवे घासू द्या. झोपही छान लागेल. सूज मात्र वाटीने जात नाही, त्याला पोटरीच हलवावी लागते. मग बाथरूमला जाताना तुपाचे पाय आधी पुसा, लादीवर घसरायला होतं.

मोज्यांचं डॉक्टरांना विचारूनच. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर घट्ट मोजा घातक ठरतो. शंका असेल तर ते घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून पडताळतात. त्यांनी हो म्हटलं तर फ्री साइज घेऊ नका. झोपून उठल्यावर, सूज नसताना, घोट्याच्या सगळ्यात बारीक भागाचं आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाचं माप टेपने घ्या आणि त्या मापाचा गुडघ्याखालचा मोजा मागा. शिफ्टला बसायच्या आधी जोडवी काढून ठेवा आणि पाय सुजलेले नसताना चढवा. आधी टाचेपर्यंत उलटा करायचा, टाच नीट बसवायची, मग सुरकुती न पडू देता वर घ्यायचा. वरचा काठ दुमडायचा नाही, दुमडला की तिथेच करकोचा पडतो. शिफ्ट संपली की काढून ठेवायचा, झोपताना घालायचा नाही.