चहा बंद केल्यापासून डोकं धरलंय, यातून कुणी गेलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. हिमोग्लोबिन ९ च्या खाली आलं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या आणि विचारलं चहा किती घेता. आता आमच्याकडं चहा मोजून कोण पितं वो? सकाळचा एक, सासूबाईंबरोबर परत एक, डबे भरताना गार झालेला अर्धा कप तो वेगळाच, आणि मग चाटी गल्लीत आमचं दुकान आहे तिथं गिऱ्हाईकाला चहा सांगितला की आपलाही येतोच. डॉक्टर एवढंच म्हणाले की जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर चहा नको, पण पित्ताचाही त्रास आहेच तर मी सगळाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोळ्यांच्या मागून असं ठणकायला लागलं की कपाळाला ओढणी गच्च बांधून गल्ल्यावर बसले. चादरीची घडी उलगडून दाखवताना गिऱ्हाईकासमोरच जांभया, पोरांवर उगाच खेकसणं, त्यात पोट साफ होईना. झोप मात्र छान लागतेय हां.

शेवटी घरात होती ती डोकेदुखीची गोळी घेतली, लगेच बरं वाटलं, आणि मग सहज पाकीट उलटं करून वाचलं तर पॅरासिटामॉलच्या खाली कॅफिन ५० मिग्रॅ! म्हणजे चहा सोडून चहाच गिळत होते की.

तर हे किती दिवस चालतं? हळूहळू कमी करायला हवं का? ग्रीन टी चालेल का? आणि लोकांच्या घरी गेल्यावर चहा नको कसं म्हणायचं, इथं तर लगेच तोंडं फुगतात.

रातपाळीवाला: ताई, घाबरू नका. मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ असतो, त्यानं झोप येते, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. रोज कॅफिन मिळालं की शरीर त्याच्या हिशेबानं चालतं आणि अचानक बंद केलं की डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ठणका. साधारण पहिले दोन दिवस जास्त, मग आठवड्याभरात उतरतं. मी एमआयडीसीत रातपाळीला होतो तेव्हा एकेक कप कमी करत गेलो, मग कप अर्धा केला, डोकं दुखलंच नाही. पाणी भरपूर प्या, आपल्याकडचं ऊन माहितीय ना, नुसत्या उन्हानंही डोकं चढतं.

औषधांचं दुकान: दोन गोष्टींची गल्लत होतेय. डोकं कॅफिनमुळे दुखतंय, पण लोह अडवतात ती चहातली टॅनिन्स, म्हणजे चहाला तुरटपणा देणारे घटक, कॅफिन नव्हे. त्यामुळे ग्रीन टी, कोरा चहा, गुळाचा चहा काहीही घेतलं तरी जेवणाबरोबर नकोच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं दिलंय, आणि दिवसाला कॅफिन ३०० मिग्रॅच्या आत. चहाच्या १५० मिलि कपात ३० ते ६५ मिग्रॅ धरतात, म्हणजे एखादा कप तुम्हाला वर्ज्य नाही. भाकरी-भाजीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. आणि पोट साफ न होणं बहुतेक लोहाच्या गोळीचंही असेल, शौचाचा रंग काळा होतो तोही तिच्यामुळेच. पण हिमोग्लोबिन इतकं कशानं उतरलं, पाळीत जास्त जातं का, हे डॉक्टरांना विचाराच.

धागाकर्ती: हो, पाळीचं विचारायचं राहिलंच होतं, उद्या फोन करते. मग सकाळचा एक ठेवते आणि नाश्ता तासाभरानं, सासूबाईंना तेवढ्यात बरं वाटेल. लिंबाचं पण पटलं. पण पाहुण्यांकडं काय सांगायचं ते कुणीच सांगितलं नाही, रविवारी नणंदेकडं जायचंय, तिथं दारातच आधण ठेवलेलं असतं.